हमी कंपनीला, नापिकी गावाला

बटई म्हणजे काय, हे या पत्रकाच्या वाचकाला शिकवायची गरज नाही. जमीन एकाची, राबणे दुसऱ्याचे, बी-खत-फवारणीचा खर्च निम्मा-निम्मा आणि माल निघाला की त्याचीही निम्मी-निम्मी वाटणी. पावसाने दगा दिला, बोंडअळी पडली, ज्वारी काळी पडली, तर नुकसानीचीही वाटणी तशीच होते. त्या दिवशी बटईदार मालकाच्या दारात उभा राहून असे म्हणत नाही, की पीक गेले ते तुमचे गेले, माझा हिस्सा मात्र कागदात लिहिल्याप्रमाणे पुरा टाका. तसे म्हणेल त्याला पुढच्या मिरगाला गावात कोणी एकरभर जमीन देणार नाही.

शहरात मात्र असे म्हणता येते. तशी सोय करारातच केलेली असते आणि त्या कराराला सार्वजनिक-खाजगी भागीदारी असे भारदस्त नाव आहे. साहेब लोक त्याला पीपीपी म्हणतात. नगर परिषदेत बीओटी म्हणतात, म्हणजे बांधा, वापरा आणि मग परत करा. पाण्याची योजना, रस्ते, कचरा, एसटीचे स्थानक, आठवडी बाजाराची जागा, दवाखाना, काहीही काढा, तिजोरीत पैसा नाही म्हणून कंपनी आणायची आणि वीस-तीस वर्षांसाठी ते काम तिच्या हवाली करायचे. महानगरपालिकांतून हा प्रकार आता तालुक्याच्या गावापर्यंत उतरला आहे. आपण बाजाराला जातो ती जागा आणि आपली जनावरे चरतात ते गायरान त्याच्या टप्प्यात आले आहे. म्हणून कपाशी-ज्वारीच्या या पत्रकात शहरातल्या नळाची गोष्ट सांगावी लागते.

ही गोष्ट औरंगाबादची आहे. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. जायकवाडीहून शहराला दुसरी मोठी जलवाहिनी टाकायची, ती समांतर जलवाहिनी योजना. लहान व मध्यम शहरांसाठी केंद्र सरकारची जी योजना होती तिच्यातून हे काम मंजूर झाले. त्या योजनेत वाटणी अशी होती, की ८० टक्के पैसे केंद्राचे, १० टक्के राज्याचे आणि १० टक्के पालिकेचे. मूळ खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. म्हणजे पालिकेला आपल्या पदरचे रुपयातले दीड-दोन आणे उभे करायचे होते. एवढे तरी जमवायचे होते! पण तिथे पीपीपीचा ठराव झाला. शहरातल्या अंतर्गत वाहिन्या धरून आकडा ७९२ कोटींवर गेला आणि २०११ मध्ये वीस वर्षांचा करार झाला. पाणीपुरवठा कंपनीकडे, वसुली कंपनीकडे. वर पालिकेने कंपनीला दरवर्षी ६३ कोटी रुपये द्यायचे आणि पाणीपट्टी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवायची.

हे शेवटचे कलम जरा सावकाश वाचा. दरवर्षी १० टक्के. आपल्या कापसाला दरवर्षी १० टक्के वाढ कोणी लिहून दिली आहे काय? हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र उशिरा उघडते, ओलाव्याच्या नावाने माल परत येतो आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. त्या हमीभावालाही कायद्याचे पाठबळ नाही. आणि इथे पाइपाचा एक तुकडा जमिनीत जाण्याआधी वीस वर्षांची भाववाढ कागदावर आली.

सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने कारभार हाती घेतला. जून २०१६ मध्ये पालिकेने करार रद्द करण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाणीपुरवठा परत आपल्याकडे घेतला. जायकवाडीची मुख्य वाहिनी शहराला मिळाली नाही. मिळाली ती कोर्टकज्जांची कटकट आणि वाढीव पाणीपट्टी. कंपनी गेली तरी दर गेले नाहीत. अर्ध्या इंची नळाला वर्षाचे ४,०५० रुपये भरत लोक आठवड्यातून एखाद्या वेळी येणाऱ्या पाण्याची वाट पाहत बसले. २०२२ मध्ये ती पट्टी निम्मी करावी लागली. दरम्यान नवीन योजना आली. तिचा आकडा १,६८० कोटी. पुढे तोही वाढून २,७४० कोटी झाला. साडेतीनशे कोटींना मंजूर झालेली तहान दीड तपात कुठे पोचली ते पाहा. कामाचा आवाका वाढला, लोखंड महागले, हे सगळे मान्य. तरी मधली वर्षे कोणी खाल्ली, हा प्रश्न उरतोच. आणि त्याची भरपाई ज्याच्याकडून वसूल करायची ती कंपनी कोण? त्या एका कामापुरती काढलेली. अशी कंपनी बुडाली तर मूळ धन्याच्या बंगल्याची कौलेही हलत नाहीत. आपल्या पीककर्जाचा हप्ता थकला तर बँकेचा माणूस सातबारा घेऊन घरी येतो.

आता कोल्हापूर. २००८ मध्ये तिथे शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते करण्याचा करार झाला. खर्च २२० कोटी, मोबदल्यात तीस वर्षे टोल आणि शिवाय शहरातली मोक्याची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. स्वतःच्या गावात दूध घालायला, दवाखान्यात जायला टोल! कोल्हापूरकरांनी ऐकून घेतले नाही. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल बंद करण्याची घोषणा करावी लागली. लोक जिंकले, यात शंका नाही. पण टोल बंद करताना कंपनीला द्यायच्या भरपाईचा आकडा ४०० कोटींच्या वर गेला आणि तो बोजा आला राज्याच्या अंगावर. राज्याची तिजोरी म्हणजे कोण? कोल्हापूरचे रस्ते ज्याने आयुष्यात पाहिले नाहीत, तो यवतमाळचा, बीडचा, परभणीचा माणूस काडीपेटीपासून डिझेलपर्यंत जो कर भरतो, ती ही तिजोरी. भागीदारी शहराशी झाली होती, नुकसानीत मात्र सगळा महाराष्ट्र बटईदार निघाला.

हा काही एखाद्या गावचा, एखाद्या पुढाऱ्याचा अपघात नव्हे. करार लिहिण्याची रीतच अशी आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या बीओटी टोल रस्त्यांसाठी जो नमुना करार वापरला गेला, त्यातले करार मोडण्याचे प्रकरण ज्याला जमेल त्याने मुळातून वाचावे. रस्ता वाहतुकीला खुला झाल्यावर सरकारने करार मोडला तर सरकार कंपनीचे सगळे देय कर्ज भरणार आणि वर भांडवलाच्या दीडपट रक्कम देणार. ठीक, चूक सरकारची आहे असे समजू. पण कंपनीने स्वतः करार मोडला तर? तरीही विम्याची रक्कम वजा जाता कंपनीच्या देय कर्जाचे ९० टक्के सरकार भरणार. कसूर तिचा, कर्जफेड आपली! आपण कर्जमुक्ती मागितली, की वर्तमानपत्रांतले अर्थपंडित लिहितात, शेतकऱ्यांना कर्ज बुडवायची सवय लागेल. ९० टक्क्यांचे हे कलम त्या पंडितांच्या चष्म्यातून निसटले कसे, ते त्यांनाच विचारायला हवे.

जुन्या कार्यकर्त्यांना एन्रॉन आठवत असेल. १९९३ मध्ये वीज मंडळाने करार केला. वीज घ्या अथवा घेऊ नका, ठरलेला आकार द्यायचा. मंडळ खचले, २००१ मध्ये वीज घेणे थांबले, प्रकल्प गंजत पडला आणि २००५ मध्ये तो एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्याच गळ्यात आला. त्यातून राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो एवढाच, की एकच मोठा एन्रॉन करण्याऐवजी गावोगाव छोटे छोटे करावेत, म्हणजे ओरड होत नाही.

कंपनी पैसा आणते, म्हणून हे सोसायचे, असा युक्तिवाद आहे. आणते काय? नागपूरला चोवीस तास पाण्यासाठी २०१२ पासून पंचवीस वर्षांचा करार झाला. त्या भांडवली कामात केंद्राचे ५० टक्के आणि राज्याचे २० टक्के होते. रुपयातले अकरा आणे सरकारचे, पाच आणे कंपनीचे आणि कारभार पंचवीस वर्षे कंपनीचा. पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी, हा वायदा होता. मुदत संपली तेव्हा तो पुरा झालेला नव्हता. गंमत पुढेच आहे. नागपूरच्या या कामात ज्या फ्रेंच कंपनीची भागीदारी आहे, ती आणि तिची जोडीदार कंपनी मिळून पूर्वी पॅरिस शहराचे पाणी वाटत असत. १ जानेवारी २०१० पासून पॅरिसने दोघींना निरोप देऊन पाणी पुन्हा नगरपालिकेकडे घेतले. आणि दोन वर्षांत आपण त्यातल्या एकीला ओवाळून घरात घेतले.

२०२० मध्ये केंद्राने तूट भरून देण्याची आपली योजना वाढवली. पाणी, सांडपाणी, कचरा, आरोग्य, शिक्षण यांच्या खाजगी भागीदारीतल्या कामांना भांडवली खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत केंद्र देणार आणि तेवढेच राज्य. आरोग्य व शिक्षणातल्या प्रायोगिक कामांना केंद्राचे ४० आणि राज्याचे ४० टक्क्यांपर्यंत, शिवाय पहिली पाच वर्षे चालवण्याच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भार. म्हणजे शंभरातले ऐंशी सरकार घालणार, पाच वर्षे घरखर्चही निम्मा सोसणार आणि मालकीची खुर्ची दुसऱ्याला देणार. हे ऐंशी रुपये ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे उरलेले वीस नसतात, हे गणित मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नाही.

माझे काही मित्र इथे मला अडवतात. म्हणतात, तुम्ही तर खुल्या बाजाराची भाषा करणारे, लायसन्स-कोट्याला शिव्या देणारे, मग खाजगीला विरोध कसा? खाजगीला विरोध नाहीच. कापूस चार व्यापाऱ्यांनी बोली लावून घ्यावा, पाचवा आला तर त्याचेही स्वागत. पण घरात येणारा नळ एकच असतो. त्याला दुसरा व्यापारी येत नाही. वीस वर्षांच्या कराराने स्पर्धा फक्त एक दिवस होते, निविदा उघडायच्या दिवशी. त्यानंतर ग्राहकाला दुकान बदलता येत नाही आणि दुकानदाराला नुकसान होत नाही. ज्यात नुकसान होण्याची भीती नाही त्याला धंदा म्हणत नाहीत. पूर्वी राजेलोक जकातीचा मक्ता देत, तसा हा मक्ता आहे. त्याच्यावर बाजाराचे लेबल लावले म्हणून तो बाजार होत नाही.

नगरपालिकेचा कारभार चांगला आहे, असे म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. तिथे टेबलाखालचा व्यवहार आपण सगळे जाणतो. पण ज्या पालिकेला आपला स्वतःचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस वेळेवर कामावर आणता येत नाही, ती पालिका कंपनीच्या वकिलांनी लिहिलेल्या चारशे पानी इंग्रजी करारावर तीस वर्षे देखरेख कशी ठेवणार? नगरसेवक पाच वर्षांनी बदलतो, मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, कंपनीचा वकील बदलत नाही. आणि वाईट नगरसेवकाला पाडता तरी येते. माहिती मागितली तर नगर परिषदेला ती द्यावी लागते. कंपनी म्हणते आम्ही खाजगी, माहितीचा कायदा आम्हाला लागू नाही.

चांगले उदाहरण नाहीच, असे मी म्हणणार नाही. भिवंडीची वीज २००७ पासून खाजगी कंपनीकडे आहे आणि तिथली गळती खूप खाली आली. पण भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव, दर गल्लीत वीज विकत घेणारे गिऱ्हाईक. त्याच धर्तीवर २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरच्या काही भागाची वीज कंपन्यांना दिली. औरंगाबाद २०१४ मध्ये, जळगाव २०१५ मध्ये, नागपूर २०१९ मध्ये, तिन्ही महावितरणकडे परत आली. जिथे गिऱ्हाईक दाट आणि वसुली सोपी तिथे कंपनी टिकते. जिथे आठ खांबांमागे एक कृषिपंप आहे, त्या आपल्या फीडरसाठी कोणी निविदा भरायला धावत आल्याचे मी पाहिलेले नाही. लातूरलाही २००८ मध्ये पाणी कंपनीला दिले. लोकांनी मीटर बसवू दिले नाहीत आणि ते प्रकरण बारगळले. पुढे २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सरकारनेच आणले. कोणत्याही करारात धरण भरण्याचे कलम नसते. दुष्काळाचे असते. कच्चे पाणी देण्याची जबाबदारी साधारणपणे पालिकेवर टाकलेली असते आणि दुष्काळ ही दैवी आपत्ती धरून कंपनीला सूट असते. आपली पैसेवारी ५० पैशांच्या आत आहे हे पटवायला आपल्याला तहसीलवर मोर्चा न्यावा लागतो.

केंद्र सरकारनेच नेमलेल्या विजय केळकर समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये या भागीदारीबद्दल अहवाल दिला. हे तेच केळकर, ज्यांच्या दुसऱ्या समितीने विदर्भ-मराठवाड्याच्या असमतोलावर २०१३ मध्ये अहवाल दिला होता. म्हणजे भागीदारीला विरोध करणारा हा माणूस नव्हे, ती सुधारून चालवावी असे सांगणारा. त्या अहवालानेसुद्धा स्पष्ट म्हटले आहे, की फार लहान कामांना ही पद्धत लावू नये, फायद्याच्या मानाने खर्चच जास्त होतो. कंपनीनेच योजना सुचवायची आणि मग निविदेत तिलाच झुकते माप द्यायचे, या रिवाजालाही त्यांनी नकोच म्हटले. आता नगर पंचायतीच्या बाजार ओट्यांच्या, गाळ्यांच्या कामापेक्षा लहान काम कोणते असते?

शेवटी आपल्या गायरानाकडे येऊ. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीचा दुसरा टप्पा सुरू आहे. कंपनी सौर प्रकल्प उभारणार, महावितरण तिची वीज पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने घेणार आणि आपल्या पंपाला दिवसा वीज मिळणार. दिवसाच्या विजेची मागणी आपलीच आहे. रात्री पाणी धरताना साप चावून किती माणसे गेली ती यादी आपल्याजवळ आहे, म्हणून या योजनेला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. पण हिशेब पाहा. खाजगी शेतकऱ्याच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षे. तीन वर्षे पैसे आणि पंचवीस वर्षे जमीन! उरलेली बावीस वर्षे गावाने कशावर काढायची? तोच हेक्टर एखाद्याचा खाजगी असता तर पंचविसाव्या वर्षीही भाडे मिळाले असते. गावाचा म्हणून फुकट? ज्या भूमिहीनाच्या चार शेळ्या तिथे चरत होत्या त्याचे नाव तर कोणत्याच रकान्यात नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत चर्चेला घ्यायचा मुद्दा असा. ज्या गावात, नगर पंचायतीत, बाजार समितीत असा करार झाला आहे किंवा व्हायचा आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी कराराची पूर्ण प्रत आणावी. ठरावाची नक्कल नव्हे, कराराची. मराठीत मिळत नसेल तर मराठीत मागावी आणि मराठी प्रत गावात वाचल्याशिवाय अंगठा-सही करू नये. पहिले पान आणि छायाचित्रे सोडून द्या. करार मोडला तर कोणी कोणाला किती द्यायचे, दर वर्षाला किती वाढायचे, पाऊस पडला नाही तर काय आणि मुदत संपल्यावर जागा कोणत्या अवस्थेत परत येणार, एवढी चार कलमे आधी काढून त्यांखाली पेन्सिलीने रेघ मारून आणा. गायरानाच्या ठरावात पंचवीस वर्षे भाडे, तेही खाजगी जमिनीच्या दराने, हे कलम घालूनच ग्रामसभेत मत द्यावे आणि चराईसाठी राखायचे क्षेत्र गट नंबरासह लिहून घ्यावे. ज्यांनी आधीच ठराव दिला आहे त्यांनी त्याची तारीख कळवावी, म्हणजे कोणत्या गावांत फेरठराव घेता येईल ते बैठकीतच ठरवता येईल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर होतो, नक्कल पानाला दोन रुपयांनी मिळते आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. बैठकीच्या आधी कागद हातात हवे असतील तर अर्ज याच आठवड्यात टाकावे लागतील.